धोंडू आणि चौथा नियम

"पहिला समोर येईल तोच धरायचा, आई. आवडला नाही म्हणून दुसरा शोधत बसायचं नाही."

लेकीचं हे बोलणं अजून माझ्या कानात आहे. तिचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता आणि डाव्या हाताने ती मला गेमची बटणं दाखवत होती. ती तसबिरींच्या दुकानात काच कापते. एका मोठ्या आरशाचा कोपरा निसटला आणि तिच्या तळहातात घुसला. बोटं ओढणारी शीर तुटली होती, ती डॉक्टरांनी शिवली आणि ते म्हणाले, पुढचं काम तुमचं. बोटं रोज वाकवायची, दुखलं तरी. नाहीतर शीर आत चिकटून बसते आणि मूठ पुन्हा मिटत नाही.

मूठ मिटली नाही की काचेचं काम संपलं. हे तिला माहीत होतं, तरी ती हाताकडे बघायलाही तयार नव्हती. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. शेवटी कपाटातून तिचा शाळेतला गेम मीच काढला. गवतातून, गुहांतून राक्षसांसारखे चित्रविचित्र प्राणी धरायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे, असा तो प्रकार.

"एका हाताने नाही येत गं खेळता."

"मग हात माझे, डोकं तुझं."

"तू? तू मुंगी दिसली तरी वाट बदलतेस."

"तू सांग तर."

ती उठून बसली. नुसतं खेळून दोन दिवसांत कंटाळा येईल म्हणाली, आणि बसल्या बसल्या नियम रचले. प्रत्येक नव्या जागी पहिला भेटेल तोच धरायचा. धरला की त्याला नाव द्यायचं. आणि लढाईत जो पडेल, त्याला कायमचं सोडून द्यायचं.

"हे गेममध्येच आहे का सगळं?"

"छे. गेमला काय पडलंय? आपलं आपणच लादून घ्यायचं. मोडलं तरी कुणाला कळत नाही."

एवढं मात्र मला लगेच समजलं. माझे नेमही तसेच आहेत. उजाडायच्या आत उठायचं, प्रार्थना होईपर्यंत बोलायचं नाही, कुणामागे कुणाचं वाईट काढायचं नाही. तपासायला कोण येतंय?

"चौथा नियम माझा," मी म्हटलं. "प्रत्येक लढाईआधी तू बोटं वाकवायचीस, माझी एक माळ होईपर्यंत. बोटं वाकली नाहीत तर लढाई नाही."

तिने नाक मुरडलं. "कबूल."

पहिला भेटला तो पाय फुटलेला दगड. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "नेमका हाच यायचा होता." तिने त्याचं नाव धोंडू ठेवलं. धोंडू इतका संथ, की त्याची पाळी येईपर्यंत समोरच्याने दोनदा बडवलेलं असायचं. पण तो पडत नसे. बाकीचे एकेक करून सोडून द्यावे लागले, हा मात्र केसाएवढा जीव उरला तरी उभा. मला त्याचा लळा लागला. लढाईआधी मी माळ घ्यायची, डोळे मिटून नाव घ्यायची. माळ संपली की ती म्हणायची, "झालं." मग मी बटण दाबायची.

माझा धाकटा भाऊ एकदा येऊन दारातच थबकला. "ताई, देवाचं नाव घ्यायच्या वयात राक्षस पाळतेस?"

"नावही घेते. लढाईआधी."

"म्हणजे देवालाही कामाला लावलंस." मग भाचीकडे वळून, "काय गं काचवाली, तुझी आई जिंकतेय का?"

"धोंडू जिंकतोय," ती म्हणाली. किती दिवसांनी हसली होती.

गेममधला शेवटचा दरवाजा तेवढा जिंकायचा राहिला असताना आमची दवाखान्यात जायची पाळी आली. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तिची बोटं हलकेच दाबून पाहिली, पुन्हा पाहिली. "घरी ही बोटं वाकवलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "अजून थोडे दिवस हातात आहेत. ते असेच गेले तर मला काही करता येणार नाही."

मी लेकीकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती.

घरी येऊन चपला काढता काढता तीच बोलली. "फार दुखायचं. तुझे डोळे मिटलेले असायचे. एकदा नुसतंच 'झालं' म्हटलं, मग रोजच."

मी पाणी प्यायले. गेम हातात घेतला. "हा पहिल्यापासून कसा सुरू करतात?"

"कशाला?"

"नेम मोडला की पुन्हा पहिल्या दिवसापासून धरतात. बोटं वाकली नाहीत तर लढाई नाही, असं ठरलं होतं. म्हणजे यातली एकही लढाई झालेली नाही."

"आई, एक दरवाजा राहिलाय फक्त."

"हो."

"धोंडू जाईल."

"माहीत आहे मला."

"मला बोल ना काय बोलायचं ते. त्या बिचाऱ्यावर कशाला राग काढतेस?"

"राग नाही गं." खरंच नव्हता. आधीचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं पडद्यावर विचारलं. मी मागे जाऊन धोंडूला एकदा पाहून आले. तो नेहमीसारखा सावकाश डोळे मिचकावत होता. मग मी बटण दाबलं.

तिने वाकून रिकामा पडदा पाहिला. मग म्हणाली, "आता डोळे उघडे ठेवून बसशील."

"नाही. मग तो माझा पहारा होईल. नियम तुझा राहणार नाही."

ती आतल्या खोलीत निघून गेली. जेवायला आली, पण ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठली.

सकाळी मी रोजच्यासारखी माळ घेऊन बसले. तोंड बंद, डोळे बंद. अर्धी माळ झाली असेल, तोच पावलं वाजली. खिडकीजवळची खुर्ची सरकली. हाताच्या झोळीचा पट्टा खर्रकन सुटला. खाज सुटली असेल, मला वाटलं. गेम तर फळीवर बंद होता.

मग दातांतून ओढलेला श्वास ऐकू आला. स्स्. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा स्स्.

इतक्या लढाया झाल्या, पण हा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

मी डोळे उघडले नाहीत. माळ तिथेच थांबवली आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून धरली.