तीन पायांची शर्यत

दर शनिवारी रीमाला बॉथेल गावातल्या जपानी शाळेत सोडायचं आणि ती सुटेपर्यंत गाडीत बसून ऑफिसचं काम उरकायचं, हे नकुलच्या अंगवळणी पडलं होतं. पण शाळेच्या उंदोकाईला, म्हणजे वार्षिक क्रीडादिनाला, तो कधी थांबला नव्हता. रीमा दर वर्षी विचारायची. तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की."

यंदा पुढचं वर्ष उरलंच नव्हतं. काओरीशी घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं होतं. तिकडे सेंदाईला तिच्या वडिलांनी अंथरूण धरलं, तेव्हा लेकीला घेऊन कायमचं जपानला जायचं तिनं ठरवलं. नकुल महिनाभर भांडला. मग एके दिवशी त्यानं मुकाट्यानं संमतीच्या कागदावर सही केली. विमान मंगळवारचं होतं.

मैदानावर लाल आणि पांढऱ्या टोप्यांची झुंबड उडाली होती. नऊ वर्षांची रीमा पांढऱ्यांत होती. स्पीकरवर जपानीत पुकारा झाला तशी ती पळत आली आणि त्याचा हात ओढू लागली. "बाबा, पेरेंट्सची रेस आहे. कम."

काओरीनं वाकून दोघांचे आतले पाय रुमालानं एकत्र बांधले, गाठ ओढून पाहिली आणि ती बाजूला झाली.

शिट्टी वाजली. नकुल "एक, दोन" म्हणत निघाला, रीमा "इची, नी" म्हणत. तिसऱ्याच पावलाला दोघं गवतावर आपटली.

"यू आर टू फास्ट, बाबा."

मग त्यानं पाऊल आखडतं घेतलं आणि तिचेच आकडे म्हणू लागला. बाकीच्या जोड्या केव्हाच पोचल्या होत्या. तरी ही दोघं पोचेपर्यंत लोक टाळ्या वाजवत राहिले.

गाठ सोडायला तो खाली बसला. "तिकडच्या शाळेतही असते ना गं ही रेस?"

"हो. मम्माला विचारलं मी. ज्यांचे बाबा येत नाहीत, त्यांच्याबरोबर टीचर पळतात. इट्स ओके."

तिनं त्याची समजूत घालावी तसं ते सांगितलं. त्याच्या बोटांना गाठ सुटेना. शेवटी रीमानंच ती सोडवली.

दुपारी चटईवर बसून तिघं जेवली. काओरीनं भाताचे गोळे त्याच्यासाठीही आणले होते. "तू थांबशील असं वाटलं नव्हतं," ती इंग्रजीत म्हणाली.

"फार उशिरा थांबलो," नकुल म्हणाला. काओरीनं थर्मासमधला चहा ओतून कप त्याच्यापुढे सरकवला.

संध्याकाळी पांढरा संघ चार गुणांनी हरला. पांढऱ्या टोप्यांतली पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागली. रीमा हुंदके देत आली. आजूबाजूचे बाप आपापल्या मुलांना जवळ घेत होते, तसंच नकुलनंही तिला पोटाशी धरलं. इतक्या रडारडीत आपल्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि दिवसभर आवरून धरलेलं रडू त्यानं मोकळं केलं.