निवडलेले दाणे

दुपारची जेवणं उरकली की शालनबाई चष्मा लावून दारात बसायच्या आणि मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडायच्या. खडा सापडला तर गटारात. पण रेशनच्या तांदळात मधूनच येणारा पांढराफटक, जरासा गुबगुबीत दाणा मात्र त्या नखाने उचलून काचेच्या बरणीत टाकायच्या. 'पिलास्टिक' म्हणायच्या त्याला. बरणी भरली की रेशनवाल्याच्या टेबलावर ओतणार, असं त्यांनी शहाडच्या आपल्या सगळ्या चाळीला सांगून ठेवलं होतं. सुनेला दिवस गेल्यापासून तर त्यांची नजर आणखी बारीक झाली होती. नातवंडाच्या पोटात असला एक दाणा जाता कामा नये.

वैशाली आत पडलेली असायची. सातवा महिना होता आणि हिमोग्लोबिन जेमतेम आठ. ते वाढलं नाही तर बाळंतपण इथे करणार नाही, ठाण्याला पाठवू, असं दवाखान्यात सांगितलं होतं. लोहाच्या गोळ्या पोटात ठरत नव्हत्या. वेणी घालायला हात वर केले तरी मध्येच खाली घ्यावे लागायचे. लग्नाआधी अंबरनाथच्या एका कंपनीत, लॅबमध्ये, ती दिवसभर उभी राहून काम करायची. आता ते दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य वाटायचं.

त्या महिन्याच्या तपासणीला दवाखान्यातल्या दर्शना सिस्टरने विचारलं, "भात कुठला खातेस?"

"रेशनचा."

"आणि त्यातले पांढरे दाणे?"

"सासूबाई निवडून काढतात."

सिस्टरने कपाळावर हात मारला. "अगं बाई, लोह त्यातच असतं! तांदळाच्या पिठात लोह मिसळून दाणे करतात आणि शंभर दाण्यांमागे एक असा टाकतात. तेवढाच नेमका काढून उरलेला भात तुला वाढतात होय? नुसत्या त्याने भागणार नाही, गोळी जेवणानंतर घेऊन बघ. पण ताटात आलेलं तरी टाकू नका."

घरी पोचेपर्यंत वैशालीला आधीच वाद घालून थकल्यासारखं वाटत होतं. तरी ती बोलली. "आई, ते प्लॅस्टिक नाही. लोह आहे त्यात."

"मग पाण्यावर तरंगतं कशाला? तांदूळ कधी तरंगतो? शेजारच्या रतनच्या मोबाइलवर आलंय सगळं. बियाणंच बदललंय म्हणे, सुई टोचून."

"बियाण्याला काही केलेलं नाही. पीठ दाबून दाणा केलाय. आत हवा राहते, म्हणून तरंगतो."

"कंपनीत होतीस ना, कंपनीचीच बाजू घेणार तू."

वैशाली भिंतीला धरून उठली. बरणीतला एक दाणा चिमट्यात धरून तिने गॅसवर नेला. दाणा वितळला नाही, काळा पडला. शालनबाईंनी वाकून वास घेतला. करपलेल्या भाकरीचा वास.

"म्हणजे मी तुझ्या ताटातलं…" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली उठून स्वयंपाकघरात आली तर मोरीपाशी रिकामी बरणी पालथी घातलेली. ओट्यावर पातेलं, त्यात बरणीतले सगळे दाणे धुऊन ठेवलेले.

"आलीस? आज पोटभर खा. इतक्या महिन्यांचं राहिलंय, एकदम भरून काढू."

वैशाली होती तिथेच खाली बसली. "आई, एवढं लोह एकदम पोटात गेलं तर विष होईल ते."

शालनबाईंनी पेटवलेला गॅस बंद केला. "काल औषध, आज विष. तुमच्या शास्त्राला एक तोंड आहे की नाही?"

"मीठ चांगलं म्हणून आमटीत बरणी ओतता का तुम्ही?"

शालनबाईंनी ते सगळं गाळून कचऱ्यात टाकलं. पिंपातून नवे तांदूळ काढले आणि न निवडता, नुसते धुऊन, शिजायला टाकले. भात झाल्यावर मात्र एकच ताट घेतलं.

"तू भाकरी खा आत्ता. भात आधी मी खाते. संध्याकाळपर्यंत मला काही झालं नाही, तर मग तू."

समजावायला वैशालीच्या अंगात त्राण नव्हतं. ती डोळे मिटून पडून राहिली. सासूबाई एकेक घास सावकाश चावत होत्या, ते तिला ऐकू येत होतं.

संध्याकाळी शालनबाईंनी तिच्यापुढे ताट ठेवलं. "काही झालं नाही मला. रोजच्यासारखीच जेवले."

असल्या भाताने रक्त किती वाढेल, किती दिवसांनी वाढेल, याचा अंदाज वैशालीला होता. गोळी तिने ताटाशेजारी काढून ठेवली, जेवणानंतर घ्यायला.

भाताच्या कडेला एक पांढरा, फुगलेला दाणा दिसत होता. शालनबाईंचं बोट सवयीने तिकडे गेलं, थबकलं. मग त्यांनी तो दाणा हळूच मधल्या भातात सारला.

"जेव," त्या म्हणाल्या.