बोंडल्यातला पहिला चीक

मित्रांनो, मी एक जुनं बोंडलं आहे. हसू नका! तुमच्यातल्या निम्म्यांनी बोंडलं पाहिलेलंच नसणार, म्हणून आधीच सांगतो. तान्ह्या बाळाला पाजायची मी चांदीची इवलीशी वाटी. एका बाजूला चोच काढलेली. ती बाळाच्या ओठाला टेकवली की दूध हळूहळू तोंडात उतरतं. परवा एका पाहुण्याने मला चक्क ‘वाकडा चमचा’ म्हटलं. असा राग आला म्हणून सांगू! या घरच्या दोन पिढ्या माझ्या चोचीने प्यायल्या आहेत.

कंधारच्या सोनाराने मला घडवलं. घरातल्या थोरल्या सासूबाईंचं पैंजण तुटलं, ते वितळवून माझा जन्म झाला. गुटी, मध, शेळीचं दूध, जे ओतलं ते मी पाजलं. तेव्हा रीतच तशी होती. बारशाच्या दिवशी मला राखेने घासून लखलखीत करायचे आणि बायका हातात घेऊन कौतुकाने बघायच्या. पुढे घरात तान्हं मूल राहिलं नाही. मग मी फडक्यात गुंडाळलेला कपाटात पडून राहिलो आणि पार काळा पडलो.

आता या घरच्या मालकीणबाई साखराबाई. म्हशींच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाची बोलायची टाप नाही. म्हैस व्याली की शेजारणी खरवसासाठी तांब्या घेऊन दारात हजर. साखराबाई कमरेवर हात ठेवून सांगायच्या, “आधी लेकराचं, मंग गावाचं! रेडकू पोटभर पिल्याबिगर कुणाला चिकाचा थेंब मिळायचा न्हाई.” चीक म्हणजे व्याल्यावरचं पहिलं पिवळं, घट्ट दूध. त्यांच्या गोठ्यातलं रेडकू कधी मरतुकडं दिसलं नाही, आणि ही गोष्ट त्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही ऐकवायच्या.

यंदा त्यांची सून दीपमाला बाळंत झाली. दिवस पुरे भरायच्या आधीच झाली. मुलगी झाली, पण अगदी नाजूक. साखराबाईंनी मला कपाटातून काढलं, घासलं आणि मधाच्या बाटलीबरोबर पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. मी तर हरखून गेलो. म्हटलं, आले आपले दिवस!

तिथे पाहतो तर बाळ आईच्या छातीशी दोनदा ओठ हलवी आणि झोपी जाई. दीपमालाची छाती दगडासारखी कडक झाली होती, बोंडांना चिरा पडल्या होत्या. बाळाला जवळ घेताना ती दात आवळून कळ सोसी. सिस्टरने बजावून ठेवलं होतं, “आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. चीक म्हणजे बाळाची पहिली लस. पण बाळ अशक्त आहे. पोटात दूध गेलं नाही तर अवघड होईल.”

साखराबाई घाबरल्या होत्या, मित्रांनो. घाबरलं माणूस जुन्या सवयीकडे धावतं. दीपमालाने हाताने पिळून काढलेले पिवळे थेंब पाहून त्या म्हणाल्या, “हे लई दिवसांचं साठलेलं हाय, पोरी. टाकून दे. पांढरं दूध उतरंपर्यंत मध चाटवू.” त्यांनी मधाची बाटली उघडून माझ्यावर धरली.

दीपमालाने पटकन माझ्यावर तळहात ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज ठाम होता.

“आत्याबाई, गोठ्यात तुम्ही काय म्हणता? आधी लेकराचं ना?”

“व्हय. त्याचं काय?”

“मंग म्हशीच्या लेकराला चीक, अन् माझ्या लेकराला मध?”

साखराबाईंनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग त्यांनी झाकण लावलं.

“अगं माय,” त्या हळूच म्हणाल्या, “एवढी जिंदगी गोठ्यात गेली, अन् हे माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई!”

त्यानंतर साखराबाईंचा अवतार बघायला हवा होता! मला उकळत्या पाण्यात घातलं. असं अंघोळीचं सुख मला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. ऊन पाण्यात फडकं भिजवून त्यांनी सुनेची छाती शेकली. “रेडकानं ढुसण्या दिल्याबिगर पान्हा सुटतो व्हय? आधी लेकरू छातीला लाव, मंग पिळ.” सिस्टरने बाळाचं तोंड मोठं उघडून नीट कसं धरायचं ते दाखवलं, तेव्हा चिरांचं दुखणंही कमी होत गेलं.

पहिल्यांदा माझा तळसुद्धा झाकला नाही. “एवढंसंच?” म्हणून दीपमाला रडली. “पोट तरी केवढंसं हाय तिचं?” साखराबाई म्हणाल्या. ते पिवळे थेंब माझ्या चोचीवरून बाळाच्या ओठात उतरले आणि तिने घोट घेतला. खरं सांगतो, आजवर इतकं पाजलं, पण अशी छाती माझी कधी फुगली नव्हती.

सोपं नव्हतं हं. मध्ये दीपमालाच्या छातीत दुधाची गाठ आली, ताप चढला. तिचा नवरा सत्यम काकुळतीला येऊन म्हणाला, “डब्याचं दूध आणू का?” सिस्टरने औषध दिलं आणि पाजणं सुरूच ठेवायला सांगितलं. साखराबाई सुनेला गरम भाकरी भरवत म्हणाल्या, “माझी वगार हाय ती. पिऊनच राहील!” वगार म्हणजे म्हशीची मादी पारडी.

आणि एका सकाळी त्या वगारीने माझी चोच चक्क हाताने ढकलली! मान वळवून आईकडे झेपावली आणि गटागटा प्यायला लागली. दीपमाला हसली. साखराबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

बारशाला बायकांनी विचारलं, “साखराबाई, बोंडल्यानं मध चाटवला का?” साखराबाईंनी मला वर धरलं. “ह्यात माझ्या सुनेचा चीक पडलाय,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “आधी लेकराचं!”

आता मी भिंतीतल्या देवळीत रिकामा बसलेलो असतो. मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येईल तेव्हा त्याच्या आईला गरम जेवण द्या, धीर द्या, तिचं दुखलंखुपलं विचारा. बाळ अशक्त असेल तर मला स्वच्छ उकळा आणि आईचंच दूध माझ्यात घाला. नाहीतर मला रिकामंच राहू द्या. पलीकडे ती पोरगी आईच्या कुशीत चुटुचुटु पिते आहे, आणि इथे मी रिकाम्या पोटी लखलखतो आहे.