मे महिन्यातला खराटा

आमच्या गावात इत्सुयोआजीवर संशय घेणारी मी एकटीच. देवळापुढचं म्हातारं साकुराचं झाड आजीने पन्नास वर्षं जपलंय. झाडाला शिंक आली तरी हिला ताप येतो, असं लोक म्हणतात. नदीच्या बांधावरची अख्खी रांगही तिचीच, याच झाडाची कलमं बांधून वाढवलेली.

आजी रोज सकाळी झाडाखाली झाडते. जाणारा-येणारा मान लववून "किती कष्ट घेता" म्हणतो आणि पुढे जातो. आमच्याकडे हातात खराटा असलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही.

मला मात्र प्रश्न पडला. एप्रिलमध्ये पाकळ्यांचा खच पडला होता, तेव्हा मी मोठ्या हौसेने झाडू घेऊन गेले, तर याच आजीने मला दरडावलं होतं, "राहू दे. पाकळ्या म्हणजे केर नव्हे." मग आता, झाडावर नुसती पानं असताना, ही काय झाडते? आणि केर तांदळाच्या रिकाम्या पिशवीत भरून घरी का नेते?

आईला सांगितलं, तर ती मिसोचं सार ढवळत म्हणाली, "वर्गात उभं राहून बोलायला लागल्यापासून तुला जिकडेतिकडे चोर दिसतात."

"पण केर कुणी घरी नेतं का?"

"खत करत असेल. मासा खा, गार होतोय."

स्टेशनच्या फळ्यावर एक चित्र लागलंय : काळा किडा, लाल मान. बुंध्याशी नारिंगी भुसा दिसला तर गावच्या कार्यालयाला कळवा, म्हणे. शेजारच्या गावात त्याच किड्यापायी मोठमोठी झाडं तोडली. त्या चित्रापुढे उभी असताना मला आजीची पिशवी आठवली.

दुसऱ्या दिवशी मी आजीच्याही आधी देवळात पोचले. बुंध्याशी ओलसर नारिंगी भुशाची रास पडली होती.

"शाळा नाही का आज, चिगुसा?" आजी मागे उभी होती.

"आहे. हा भुसा कसला, आजी?"

"मुंग्यांचा."

"नारिंगी मुंग्या?"

"फार बोलायला लागलीस. गेल्या वर्षी नाव विचारलं तरी बुटांकडे बघायचीस." मग तिने खराटा बुंध्याला टेकवला. "एकच भोक आहे. रोज तार घालून मारते मी आतल्या किड्याला."

माझा विश्वास बसला नाही. मी झाडाला वळसा घातला. मागच्या बाजूला सालीच्या रंगाची माती ठिकठिकाणी लिंपलेली होती. नखाने एक पोपडा काढला, आत भोक. दुसरा काढला, आत भोक.

"हे एक?"

आजीने निघालेला पोपडा परत भोकावर दाबला.

"उन्हाळ्यात किडे बाहेर पडून उडणार ना? मग बांधावरची रांग? ती याचीच लेकरं. तुम्हीच बांधलीत."

"मला शिकवतेस?" तिचा आवाज चिरका झाला. "कळवलं की करवत घेऊन येतील. माझ्या सासऱ्यांनी मरताना हे झाड माझ्या हातात दिलं होतं. मी काय सांगू त्यांना?"

 मी म्हणाले, "तुम्ही नाही गेलात तर मी जाईन."

"जाशील. दिसतंय ते." तिने भुशाची पिशवी उचलली. "मीच जाते. तू शाळेत जा."

मी गेले नाही. इतके दिवस सगळ्या गावाला फसवणाऱ्या बाईला एकटं कसं सोडायचं? मी मागे मागे चालत राहिले. कार्यालयाचं वळण आलं आणि आजी सरळ पुढे निघाली, बांधाकडे. मला वाटलं, झालं, पिशवी नदीत जाणार.

पण ती रांगेतल्या पहिल्या झाडापाशी गुडघ्यांवर बसली. बुंध्याभोवतीचं गवत बोटांनी विंचरलं. मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. भुसा कुठेच नव्हता. शेवटच्या झाडाला धरून ती उठली.

"अजून स्वच्छ आहेत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली आणि मागे वळली.

कार्यालयात तिने पिशवी टेबलावर ठेवली. "देवळातल्या झाडाला किडा लागलाय. महिनाभर मी लपवलं."

टेबलामागचे काका उठून उभे राहिले. बुंध्याला जाळी, बाकी झाडांची तपासणी, असं काहीतरी बोलू लागले. आजीने विचारलं, "कापायच्या आधी फांद्या घेऊ द्याल ना? कलमांना?" ते म्हणाले, विचारून सांगतो.

"आत्ता विचारा," दारातून मी म्हणाले.

आजीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. शाळेची घंटा कधीच होऊन गेली होती. काकांनी फोन उचलेपर्यंत मी दारातून हलले नाही.