निबाल्दोचा दर महिन्याचा वाढदिवस

चिलीतल्या वाल्पाराइसो शहराच्या एका टेकडीवर एवारिस्तो चढून येताना दिसला, की बेकरीवाला निबाल्दो तराजू पुसायला लागायचा. एवारिस्तो सरकारचा भाव-तपासनीस होता. पाव, साखर, तेल, साबण, सगळ्याचे भाव राजधानीत, सान्तियागोत ठरायचे आणि ते पाळले जातात की नाही हे बघत तो तोऱ्यात हिंडायचा. मग लष्कराची सत्ता आली, अमेरिकेत शिकून आलेले तरुण मंत्रालयात बसले आणि बहुतेक भाव मोकळे झाले. त्याबरोबर एवारिस्तोही मोकळा झाला.

त्या तरुणांपैकी एक त्याचा जावईच होता, गोन्सालो. रविवारी जेवायला आला की तो सासऱ्याची समजूत घालायचा. "बाबा, भाव ठरवणं हे सरकारचं कामच नाही. ते बाजारावर सोडायचं."

"बाजार म्हणजे नेमकं कोण?"

"कोणी एक नाही. सगळेच."

"म्हणजे निबाल्दो," एवारिस्तो म्हणाला.

निबाल्दोने पाव बराच महाग केला. एवारिस्तो खालच्या बेकरीत गेला, तर तिथेही तोच भाव. पलीकडच्या टेकडीवरही तोच. शेवटी उलगडा झाला. सभा-बैठकांना बंदी होती, म्हणून सगळे बेकरीवाले निबाल्दोच्या वाढदिवसाला जमायचे, आणि त्याचा वाढदिवस दर महिन्याला यायचा.

पुढच्या रविवारी एवारिस्तो जावयावर घसरला. "हे तुमचं मोकळेपण? चोरांनी संगनमत केलंय."

गोन्सालो पावावर अवाकाडो लावत होता. "टिकणार नाही, बाबा. एवढा नफा दिसला की कोणीतरी स्वस्त पाव घेऊन उतरतोच."

"आणि उतरणार कोण?"

"मी उतरते," स्वयंपाकघरातून एवारिस्तोची बायको एर्मिंदा म्हणाली. "भट्टी आहे, हात आहेत. आणि हे घरीच असतात."

एवारिस्तो पहाटे उठून कणीक तिंबू लागला. बायको पाव भाजून खिडकीतून विकायची. खिडकीपुढे रांग लागली तसा निबाल्दो वाईनची बाटली घेऊन दारात आला.

"साहेब, उद्या वाढदिवस आहे माझा. यायचं बरं का."

एवारिस्तो वाढदिवसाला गेला, तर तिथे बेकरीवाल्यांची आपसांतच जुंपली होती. जो तो दुसऱ्यावर चोरून स्वस्त विकल्याचा आळ घेत होता. निबाल्दो म्हणाला, "साहेब, तुमची हयात भाव बघण्यात गेली. तुम्हीच सांगा काय तो. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही."

एवारिस्तोची छाती फुगली. त्याने पीठ, सरपण, मजुरी धरून हिशेब केला आणि भाव सांगितला. त्यांच्यापेक्षा कमी, पण एर्मिंदापेक्षा जास्त. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो शीळ घालत घरी आला.

"हा भाव ठरवला कोणी?" एर्मिंदाने विचारलं.

"मी."

"आणि तुम्ही कोण?"

या प्रश्नाला उत्तर म्हणून पूर्वी त्याच्या खिशात तपासनिसाचं ओळखपत्र असायचं.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्याच भावाने पाव विकला. निबाल्दो तक्रार घेऊन आला, "साहेब, तुमच्या घरातच तुमचा शब्द मोडतोय."

एवारिस्तोने कोट चढवला, टोपी घातली आणि मागच्या दाराने बाहेर पडून तो खिडकीपुढच्या रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर घसा खाकरून म्हणाला, "बाई, तुम्ही ठरल्यापेक्षा कमी भावाने विकताय."

"घ्यायचा तर घ्या. मागे लोक खोळंबलेत."

जन्मभर त्याने महाग विकणाऱ्यांना दंड केला होता. स्वस्ताईला काय दंड करायचा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याने पाव घेतला, तो गरम होता, आणि तिथेच उभ्याने मोडून खाल्ला. रांगेतली माणसं हसली, मग तोही हसला.

निबाल्दोला भाव उतरवावाच लागला, बाकीच्यांनाही. रविवारी गोन्सालो खुशीत खुर्चीत मागे रेलला. "बघितलंत? सरकारने काहीच केलं नाही. बाजाराने सगळं नीट केलं."

"हो ना," एर्मिंदा म्हणाली. "बाजाराचे खांदे दुखतायत, जावईबापू. आज भांडी तुम्ही घासा."

गोन्सालोने बाह्या सरसावल्या. एवारिस्तोने उद्याचं पीठ चाळायला घेतलं.