तासून काढलेली ओळ

राष्ट्रीय स्मारकाला शंभर वर्षे पुरी होण्यास चार महिने उरले असताना, एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता, उत्तरेकडच्या कमानीच्या डाव्या खांबातून एकशे सेहेचाळीस क्रमांकाचा दगड बाहेर काढण्याचे काम सुरू झाले. दुरुस्तीवरचा सर्वांत वयस्कर पाथरवट त्या वेळी दहा हात दूर, दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा होता. त्याची छिन्नी-हातोडी मुकादमाने आल्याआल्याच काढून घेतली होती.

हा दगड पाथरवटाच्या आजोबांनी घडवला असे दप्तर सांगत होते, आणि हे नाते त्याने सात महिने कोणालाही कळू दिले नव्हते. मुकादमाने ते हुडकून दुरुस्तीचे काम पाहणाऱ्या इंजिनिअरबाईंच्या कानावर घातले. जो लपवतो त्याच्या मनात काळेबेरे असतेच, हा मुकादमाचा सिद्धान्त. बाईंनाही तो पटला असावा.

शंभर वर्षांपूर्वी, उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात, याच दगडाचा मोठा पापुद्रा निखळला होता. सदोष दगड खपवल्याचा ठपका ठेवून आजोबांना कामावरून काढले, आणि प्रवेशद्वाराच्या पाटीवर कारागिरांची नावे होती त्यांतून त्यांचे नाव तासून टाकले. दोन नावांमधली ती गुळगुळीत ओळ पाथरवट रोज येताजाता पाहत असे. आता पाटी नव्याने कोरायची होती. ओळ भरायची की कोरी ठेवायची, हे दगड तपासून बाई देणार त्या अहवालावर ठरणार होते.

अहवाल आधीच लिहून झाला असेल, दगड नुसता देखाव्याला काढताहेत, असे तो आदल्या दिवशी बायकोला म्हणाला होता.

“बाईंचं राहू द्या,” भाजी निवडता निवडता ती म्हणाली. “आजोबांवर तरी आहे का तुमचा विश्वास?”

त्याने खाली पडलेले देठ गोळा करायला घेतले. खरे तर आजोबांवरचा संशय सर्वांत जुना होता. निर्दोष माणूस चाळीस वर्षे मिठाची गुळणी धरून कशाला बसेल? म्हाताऱ्याचा घरात एकच उद्योग असे: फळीवर उभी लावलेली पुस्तके दिसली की एकेक काढून आडवी ठेवायची. नातवंडांनी पुन्हा उभी केली, की हा पुन्हा आडवी करी. डोक्यावर परिणाम झालाय, असे म्हणून वडील विषय संपवीत.

साखळीला लटकलेला दगड हळूहळू बाहेर आला. शेजारच्या दगडाला भिडून शंभर वर्षे दडलेली त्याची बाजू पुसताच खूण दिसली: एक वर्तुळ आणि त्याला मधोमध छेदणारी रेघ.

“घ्या बाई,” मुकादम म्हणाला, “आजोबांची सही. आता कुठं पळणार?”

पाथरवटाने मान डोलावली. आजोबांच्या छिन्नीवर हीच खूण होती. मग डोलणारी मान मध्येच थांबली.

“बाई, दगड खांबात असाच होता ना? कुणी फिरवला नाही?”

“का?”

“खाणीत दगड थराथरांनी निजलेला असतो. भिंतीतही तसाच निजवायचा, नाहीतर पापुद्रे सुटतात. बसवणाऱ्याला कळावं म्हणून घडणारा थराच्या दिशेनं ही रेघ मारतो. रेघ आडवी यायला हवी. ही उभी आहे.”

“आणि हे मी तुमच्या शब्दावर मानायचं?”

“नका मानू. पाणी ओता. ओल्या दगडाचे थर दिसतात. मी हात लावत नाही.”

दगड काढण्यापूर्वी त्याच्या दर्शनी बाजूवर बाईंनी स्वतः तांबडा बाण रंगवला होता. तो वरच रोखलेला आहे, हे त्यांनी आधी पाहून घेतले. मग आपल्या बाटलीतले पाणी खुणेवर ओतले.

करड्या दगडात थर उमटले; फळीवर दाटीने लावलेल्या पुस्तकांसारखे, एकाला एक लागून, सरळ उभे. पाथरवटाने डोळे मिटून घेतले.

“रेघच चुकीची मारली असेल त्यानं,” मुकादम म्हणाला.

बाईंनी रेघेवरून नख फिरवले, मग शेजारच्या थरावरून. दोन्ही एकाच दिशेने जात होती. त्यांनी जुने दप्तर उघडले आणि त्या दगडासमोरच्या नोंदी शोधल्या: घडवणारा एक, बसवणारी टोळी दुसरी. त्यांनी दप्तर मिटले आणि छिन्नी-हातोडी परत द्यायला मुकादमाला खुणावले.

“दगड चांगला होता,” त्या म्हणाल्या. “बसवणाऱ्यांनी उभा बसवला.”