एकशे ऐंशीच्या रेषेवरची बोट

मोमो आपेनिसा त्या महिन्यात तिसऱ्यांदा हरवला, आणि तिसऱ्यांदाही शोधायला गेलेल्या लोकांना तो बोटीत निवांत कसावाचा कंद खाताना सापडला.

गावाला हे आता अति झालं होतं. एखादी बोट ठरलेल्या हद्दीबाहेर गेली की तावेउनी बेटावरच्या त्या गावातले सगळे फोन एकदम ठणाणा करत. तसं ॲप आपेनिसाच्या भाचीनेच, केलेराने, राजधानी सुवात बसून लिहिलं होतं; मोमो म्हणजे तिकडे मामा. गेल्या वर्षी गावातले दोन तरुण समुद्रात वाहत गेले. ते अजून परत आलेले नाहीत. त्यांच्या आयांसमोर बसून आल्यावर केलेराने हे काम हातात घेतलं होतं, हौस म्हणून नव्हे. आता गावप्रमुखाने निरोप धाडला होता: शुक्रवारी बैठक आहे, ॲप सगळ्यांच्या फोनवरून काढायचं. खोटी बोंब ठोकणाऱ्याच्या हाकेला उद्या खऱ्या वेळी कोण धावणार? त्याचंही चुकत नव्हतं, आणि हेच केलेराला जास्त झोंबत होतं.

"मामाचा फोन बिघडलाय," राजनेशभाई म्हणाले. ते तिचे साहेब. मंगळवारची दुपार होती, हातात बटाट्याची रोटी. "मी नवा फोन घेऊन उद्याचं जहाज पकडतो."

"जाऊन काय करणार? मोमोबरोबर गळ टाकून बसणार?"

"मग इथे बसून काय करणार? सुवात तर ॲप कधी बोंबलत नाही."

खरी अडचण तीच होती. त्यांचा कोड थेट फोनच्या जीपीएसला विचारायचा, आणि सुवातला फोन सुवाच सांगणार. मोमो कुठे असताना घोटाळा होतो याची नोंदही नव्हती. आपली मासे धरायची जागा कुणी उघडी करत नाही, म्हणून बोटीचा माग कुठेही साठवायचा नाही, या अटीवरच गावाने ॲप घेतलं होतं.

केलेराने कोड मधोमध कापला. जीपीएसला विचारणारा भाग वेगळा काढला आणि चाचणीपुरता त्याच्या जागी एक नकली जीपीएस बसवला. हा सोंगाड्या ती सांगेल ते आकडे गंभीर चेहऱ्याने पुढे सरकवायचा. धंद्यात याला मॉक म्हणतात.

"म्हणजे खोट्याला विचारून खरं शोधणार?" राजनेशभाईंना हसू आवरेना. "वा गं वा!"

"जीपीएस मला तपासायचंच नाहीये, भाई. ते काय सांगतं आणि आपला कोड त्याचं काय करतो, ते तपासायचंय."

तिने चाळीस चाचण्या लिहिल्या. वादळ, बंद पडलेलं इंजिन, तुटलेला सिग्नल, सगळं घातलं. दोन सेकंदांत चाळीसही हिरव्या, म्हणजे पास. राजनेशभाई उठले आणि जहाजाच्या वेळा बघायला लागले. केलेराला रडू यायचं बाकी होतं. मग तिच्या लक्षात आलं की आपला हा खोटा समुद्रसुद्धा सुवाच्या बंदरातलाच आहे.

तिने मोमोला फोन लावला. "मोमो, तू मासे कुठे धरतोस?"

"काय?"

"बहिणीच्या लेकीला नाही म्हणायचं नसतं. हक्क आहे माझा."

"डुक्कर माग, चटई माग, घर माग. जागा नाही मिळायची. तुझ्या मामीला नाही सांगितली!"

"बरं, मग फोन केव्हा बोंबलतो तेवढं तरी सांग."

"त्या बोर्डासमोर आलो की. ते पर्यटक एक पाय काल नि एक पाय आज ठेवून फोटो काढतात ना, तो. बाकीचे सगळे अलीकडेच गळ टाकतात, मी एकटाच पलीकडे..." मोमो थांबला. "ए पोरी! हे कुणाला सांगशील तर बघ!"

केलेराने फोन ठेवला. बोर्ड एकशे ऐंशी रेखांशाच्या रेषेवर आहे, जिथे पूर्व संपते, पश्चिम सुरू होते; म्हणून तो काल-आजचा खेळ. अलीकडे एकशे एकोणऐंशी पूर्णांक नऊशे नव्व्याण्णव, पलीकडे तोच आकडा, पण उणे. मध्ये पाणी जेमतेम दोनशे मीटर. तिने सोंगाड्याला तीन आकडे अलीकडचे दिले, दोन पलीकडचे.

चाचणी लाल झाली.

जीपीएस थोडं इकडेतिकडे उडतं, म्हणून कोड शेवटच्या पाच आकड्यांची सरासरी काढत होता. अलीकडचे अधिक नि पलीकडचे उणे एकमेकांतून वजा होऊन सरासरी आली छत्तीस. राजनेशभाईंनी नकाशा उघडला. मोमोची बोट आफ्रिकेत, मोझांबिकच्या कोरड्या जमिनीवर उभी होती.

"कुठल्या गाढवाने लिहिली ही सरासरी?" ते ओरडले.

"मी," केलेरा म्हणाली, आणि दोघंही पोट धरून हसले.

रेषा ओलांडली की उणे आकड्यांत तीनशे साठ मिळवायचे. दुरुस्ती एवढीच, चार ओळींची. मग तिने खोटी बोट त्या रेषेवरून दोनशे वेळा नेली-आणली. राजनेशभाईंनी जहाजाचं तिकीट रद्द केलं आणि यापुढे एकही ओळ चाचणीशिवाय घ्यायची नाही असं स्वतःच जाहीर केलं, जणू कल्पना त्यांचीच होती.

शुक्रवारी बैठक किनाऱ्यावरच भरली. मामीने फोन वर धरला होता, सुवात दोघं कान लावून बसले होते. मोमोने बोर्डासमोरून बोट सहा वेळा फिरवली. गावातला एकही फोन वाजला नाही.

"गप्प तर दगडही बसतो," गावप्रमुखाचा आवाज आला. "आपेनिसा, आता हद्दीबाहेर जा."

बराच वेळ फोनवर नुसता वारा ऐकू येत होता. मग गावातले सगळे फोन एकदम ठणाणा करत उठले, आणि त्यावर माणसांचा असा जल्लोष उसळला की राजनेशभाईंनी फोन कानापासून लांब धरला.

गावप्रमुख सगळं शांत होईपर्यंत थांबला. "आजपासून," तो म्हणाला, "हे ॲप नसलेली बोट या किनाऱ्यावरून पाण्यात जाणार नाही."

त्याच्यामागून एका बाईचा आवाज आला. केलेराने तो ओळखला. गेल्या वर्षीच्या त्या दोघांपैकी एकाची ती आई होती.

"माझ्या धाकट्याच्या फोनवर आधी घाला," ती म्हणत होती. "त्याला उद्या जायचंय."